टीडीएस नाना

आमच्या कॉलनीत पाणी पहाटे पावणेसहाला येतं. नाना साडेपाचलाच येतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई सडा टाकायला दार उघडून बाहेर आली, तर अंधारात आमच्या अंगणातल्या नळाशी कोणीतरी उकिडवं बसलेलं. हातात चिमटा, चिमट्यात पेटलेला कापसाचा बोळा आणि तो बोळा नळाच्या तोंडाला लावलेला. आई जी ओरडली, तिनं अर्धी कॉलनी जागी केली. नानांनी मानसुद्धा वळवली नाही.

"निर्जंतुक करतोय, वहिनी. आता दोन मिनिटं पाणी वाहू द्या, मग नमुना घेतो."

"वाहू द्या म्हणजे? बादली लावते की खाली!"

"लावा. पण नळाला टेकवू नका."

नळ दिसायला स्टीलचा होता. होता प्लॅस्टिकचा, वरून नुसता मुलामा. बोळा विझेपर्यंत त्यानं मान टाकली आणि तेव्हापासून आमच्या नळाची धार बादलीत न पडता तुळशीच्या दिशेनं जाते. दोन दिवसांनी नाना रिपोर्ट घेऊन आले. पाकिटात घालून, पाकिटावर आईचं पूर्ण नाव आणि 'गोपनीय' असं लिहून. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळला नाही. आई म्हणाली, "नळपण आढळंना झालाय, तेवढं खाली लिहा."

ह्या माणसाला कॉलनी टीडीएस नाना म्हणते. हे नाव त्यांना मुळीच आवडत नाही आणि त्याला कारण आहे. नाना सव्वीस वर्षं बँकेत होते. तिथं टीडीएस म्हणजे ठेवीच्या व्याजावर कापला जाणारा कर. एप्रिल उजाडला की पेन्शनरांची रांग लागायची आणि नाना एकेकाकडून १५ एच भरून घ्यायचे, टीडीएस कापू नये म्हणून. पाण्यात पडल्यावर टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. आता लोक घरोघर आरओ बसवून हा टीडीएस कापून घेतात, आणि कापू नये म्हणून नाना जीव तोडून सांगतात. माणसानं धंदा बदलला, पण काम तेच राहिलं.

शिक्षणानं नाना सिव्हिल इंजिनिअर. १९९५ साली बी.ई. झाले, त्या काळात त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं कंत्राटदाराकडं सिमेंटची पोती मोजत होती. नानांनी बँकेची परीक्षा दिली आणि पुढं विहिरींना, बोअरना, पाईपलाईनींना कर्ज मंजूर करत राहिले. "जमिनीखालच्या पाण्याशी माझा संबंध तेव्हापासूनचा," असं ते म्हणतात. तो संबंध सातबाराच्या उताऱ्यावरून आलेला होता, एवढंच. मग १ एप्रिल २०२०ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं. नानांच्या बँकेची पाटी उतरली, नवी चढली आणि विमा विकण्याचं टार्गेट आलं. ज्या म्हाताऱ्याचा १५ एच आपण स्वतः भरला त्याला वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात मारायची, हे काही त्यांना जमेना. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसले.

ही झाली नानांनी सांगितलेली हकीकत. काकू वेगळी सांगतात. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा नाना तिथल्या शाखेत होते. नळाच्या पाण्यातून आलेली ती साथ. पुढच्या तिमाहीत वसुलीची यादी घेऊन बसले, तर काही नावांपुढं शिपायानं पेन्सिलीनं 'मयत' लिहून ठेवलेलं. एका बाईचं शिलाई मशीनचं कर्ज होतं, दोन हप्ते राहिलेले. ते दोन हप्ते नानांनी स्वतःच्या खिशातनं भरून खातं बंद केलं. ह्याबद्दल नाना काही बोलत नाहीत, त्यामुळं मीही पुढं जातो.

वर्गात बाकीची पोरं बाविशीची. त्यांनी पहिल्या दिवशी उठून नमस्कार केला, प्राध्यापक आले समजून. समजूत दूर झाल्यावर काका म्हणू लागली आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांची जर्नल्स उतरवू लागली. कारण नानांचं जर्नल म्हणजे कॅशबुक. लाल शाईत शीर्षक, प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढे ओढले', खाडाखोड झाली तर शेजारी सही. गाळणकागदाचं शंभराचं पाकीट आलं की नाना अंगठा ओल्या स्पंजावर टेकवून ते नोटांसारखं मोजत. एकदा अठ्ठ्याण्णव निघाले. दोन कागदांसाठी त्यांनी पुरवठादाराला रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवलं आणि दोन कागद आलेसुद्धा, कुरिअरनं. कुरिअरचा खर्च कागदांच्या वीसपट झाला असेल.

अडचण आली ती रंगांची. पाण्याचा जडपणा मोजताना ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जायचं, आणि चंबूतला रंग वाईनसारखा लाल असतो तो निळा झाला की थांबायचं, असं पुस्तकात लिहिलेलं. नाना दारूला आयुष्यात न शिवलेले. "वाईन रेड म्हणजे नक्की कुठला लाल?" असं त्यांनी भर प्रयोगशाळेत विचारलं. बाविशीची पोरं सांगायला फारच उत्सुक होती. शेवटी नानांनी जर्नलमध्ये लिहिलं: 'रंग कोकम सरबतासारखा होता, तो पेनातल्या शाईसारखा झाला.' मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली. आता त्या स्वतः पोरांना असंच शिकवतात.

बीओडी मात्र नानांना एका झटक्यात समजला. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, तीत घाण पाण्याचा नमुना, आधी त्यातला प्राणवायू मोजायचा, मग सत्तावीस अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची आणि पुन्हा मोजायचा. जितका प्राणवायू जंतूंनी खाल्ला तितकं पाणी घाण. नाना म्हणाले, "म्हणजे तीन दिवसांची मुदत ठेव. फक्त व्याज उलटं. आणि मुदतीपूर्वी मोडायची नाही." ही चाचणी मूळची इंग्रजांची, तिकडं ती वीस अंशांवर पाच दिवस चालते. का, तर म्हणे इंग्लंडातल्या कुठल्याही नदीचं पाणी पाच दिवसांत समुद्राला पोचतं. नानांनी हे ऐकलं आणि हात वर केला. "सर, आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, तिथनं कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात. पाच दिवसांत तर आपल्याकडं एनओसी येत नाही." वर्ग हसला. सर हसले नाहीत. इकडं हवा गरम, जंतू जलद खातात, म्हणून तीन दिवस, असं त्यांनी कोरडेपणानं सांगितलं.

सर न हसण्यालाही इतिहास होता. ह्या सरांचं गृहकर्ज नानांनी शाखेत असताना दोनदा परत पाठवलेलं. एकदा एक रिटर्न कमी म्हणून, एकदा जामीनदाराच्या सहीत वेलांटी वेगळी म्हणून. तोंडी परीक्षेला नाना आत गेले तेव्हा सरांनी खुर्चीत मागं रेलून पहिला प्रश्न विचारला, "कागदपत्रं पूर्ण आहेत काय?" मग त्यांनी ब्रेकपॉइंट क्लोरिनेशन विचारलं. ह्या प्रश्नावर भलेभले घसरतात, कारण त्याचा आलेख विचित्र आहे. पाण्यात क्लोरीन घालत जावं तशी शिल्लक थोडी वाढते, मग अचानक पडते, मग पुन्हा सरळ वाढत जाते. नानांनी फळ्यावर दोन रकाने आखले, जमा आणि नावे. "पाण्यात अमोनिया असतो, लोह असतं, सेंद्रिय घाण असते. ही सगळी जुनी देणी. तुम्ही क्लोरीन भरला की आधी घेणेकरी धावून येतात. खात्यात काहीतरी दिसतं खरं, पण ते क्लोरामाईन, म्हणजे वटायचा चेक. आणखी भरला की तोही उडतो. सगळी देणी फिटली की मग पडते ती खरी शिल्लक. नळाला लिटरमागं किमान शून्य पॉइंट दोन मिलिग्रॅम पाहिजे ती हीच." सरांनी दहापैकी नऊ दिले. एक का कापला, असं कोणी विचारलं तर नाना म्हणतात, "टीडीएस."

मला विचाराल तर नाना इंजिनिअर होण्याआधी तपासनीस होते आणि अजूनही तपासनीसच आहेत. पाण्याला दुसरं कोणी नको होतं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे दोन गट असतात, धनभाराचे आणि ऋणभाराचे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम एकीकडं. क्लोराईड, सल्फेट, बायकार्बोनेट दुसरीकडं. दोन्हींची बेरीज जुळायला हवी, साधारण पाच टक्के इकडंतिकडं चालतं. हा ताळेबंद नानांच्या हाती लागला तो क्षण त्यांना त्यांच्या लग्नापेक्षा नीट आठवतो. एका खासगी प्रयोगशाळेत ते सल्लागार म्हणून जात. तिथं वीस बोअरवेलचे रिपोर्ट पुढ्यात आले. वीसच्या वीस जुळलेले, फरक शून्य. बाकीचे खूश. नानांनी चष्मा पुसला.

"पहिल्या बेरजेला पैशापर्यंत जुळणारी कॅश मी सव्वीस वर्षांत दोनदा बघितली," ते म्हणाले. "दोन्ही वेळा कॅशियर सस्पेंड झाला."

चौकशीत निघालं ते असं, की सोडियम मोजायचं यंत्र महिनाभर बंद होतं. पोरगा बाकीचे आकडे घेऊन जेवढी तूट येईल तेवढा सोडियम भरत होता. वजाबाकीनं सोडियम काढला की ताळेबंद जुळणारच, न जुळून जातो कुठं? नानांनी ते वीस रिपोर्ट रद्द केले. दुसऱ्या महिन्यात प्रयोगशाळेनं नानांना रद्द केलं.

तेव्हापासून ते जास्त करून गावांत फिरतात. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवतात, त्यात नानांना शिकवण्याचं काम मिळतं. राधानगरीच्या वाटेवरच्या अशाच एका गावात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. गाडी माझी होती, हेच त्याचं कारण. ग्रामपंचायतीत पोचल्यावर पोरानं चहा आणला. नानांनी चहा घेतला, कारण चहा उकळलेला असतो. ह्याच न्यायानं ते लग्नात पाण्याऐवजी तांबडा रस्सा पितात. मग क्लोरीनचं रजिस्टर मागवलं. महिनाभर रोज ०.२, एका पेनानं, एका झुकावात. नाना अंगठा ओला करून पानं उलटत गेले आणि आजच्या तारखेशी थांबले. थांबले, कारण रजिस्टर थांबलं नव्हतं.

"उद्याचा क्लोरीन आजच लिहिलाय होय?"

"त्याचं काय हाय सायेब," पाणी सोडणारा म्हणाला, "उद्या मला पावण्यांकडं जायचंय."

ह्या उत्तरातला प्रामाणिकपणा नानांना आवडला असावा, ते फार रागावले नाहीत. उठून कोपऱ्यात गेले. तिथं टीसीएल पावडरचं पोतं होतं, तोंड उघडं, शेजारी लोखंडी कपाट. नाना पोत्याकडं बघेनात, कपाटाकडंच बघत राहिले. कपाटाची पोत्याकडची बाजू गंजून पापुद्रे सुटलेली, दुसरी बाजू ठणठणीत.

"ह्या पावडरीत नवी असताना तेहतीस टक्के क्लोरीन असतो," ते म्हणाले. "हजार लिटरला पाच ग्रॅम पुरते. पण तोंड उघडं राहिलं की तो उडून जातो. तुमच्या गावचा क्लोरीन गावाला लागलाच नाही, कपाटाला लागला. आता तुम्ही टाकीत टाकताय तो चुना."

सरपंच म्हणाले, "मग कपाट बदलू काय?"

दुपारी देवळात बायका जमल्या. नानांनी परीक्षानळीत पाणी घेतलं, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले आणि क्लोरीन असला तर पाणी पिवळं होतं असं सांगून रंग जुळवायची पट्टी काढली. चष्मा वर केला, खाली केला, नळी उजेडात धरली. एवढ्यात मागं बसलेली एक मावशी म्हणाली, "आजाबात न्हाई ओ, पांढरंफेक हाय." नानांनी तरीही पट्टी लावून बघितली. मावशी बरोबर होती. पुढच्या पाच नळ्याही तिनं तीन हातांवरून सांगितल्या. विचारलं तर म्हणाली, जन्मभर आमटीला हळद घालते, कमी पडली ती वाटीभरातनं कळते. नानांनी वहीत तिचं नाव लिहिलं आणि पुढं शेरा मारला: 'उपकरणाची गरज नाही.' मग काहीतरी आठवून तो खोडला, शेजारी सही केली आणि लिहिलं: 'उपकरण वापरावेच.'

जाताना प्रत्येक स्रोताचं पाणी एचटूएसच्या बाटल्यांत भरून ठेवलं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर ही बाटली दिवस-दोन दिवसांत काळी पडते. वाचायला यायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. सगळ्या बाटल्या बऱ्या आहेत, एकच काळी पडलीय. कुठली, तर त्यांच्या परड्यातल्या विहिरीची. सरपंचांचं म्हणणं होतं की बाटलीच खराब निघाली असावी, बदलून मिळेल काय. नानांनी बदलून दिली. तीही काळी पडली. त्या विहिरीपासून संडासाचा शोषखड्डा दहा-बारा पावलांवर होता, आणि तो खड्डा आता हलवलाय, एवढं मला ठाऊक आहे.

गावात नानांचं ऐकतात. कॉलनीत नाही. कॉलनीच्या हॉलमध्ये आरओ विकायला एक पोरगा आला होता, टाय वगैरे लावून. त्यानं दोन ग्लास ठेवले, एक नळाच्या पाण्याचा, एक आरओच्या. दोन्हींत दोन-दोन सळ्या सोडल्या, बटण दाबलं. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर फेस. आरओचं पाणी तसंच्या तसं. बायकांनी तोंडाला पदर लावला. "हे तुम्ही रोज पिताय," पोरगा म्हणाला.

नाना उठले. खिशातून पुडी काढली. खिशात मिठाची पुडी बाळगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. चिमूटभर मीठ आरओच्या ग्लासात टाकलं आणि म्हणाले, "आता दाब." तोही ग्लास तपकिरी झाला, पहिल्यापेक्षा जास्त. सळी लोखंडाची आहे, विजेनं ती गंजून पाण्यात उतरते, क्षार असले की वीज वाहते, नसले की वाहत नाही. हा गंज सळीचा आहे, नळाचा नाही, असं नानांनी नीट समजावलं. मग मीटर काढून दाखवलं, आपल्या नळाला टीडीएस एकशे चाळीस, मानकात पाचशेपर्यंत चांगला म्हणतात आणि दुसरा स्रोत नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतात. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला आरओ विका, कोल्हापुरात कशाला?

"म्हणजे नाना, एकशे चाळीस म्हणजे आपलं पाणी एकदम चांगलं?" कोणीतरी खुशीनं विचारलं.

इथं दुसरा कोणीही हो म्हणून टाळी घेऊन बसला असता. नाना म्हणाले, "तसं सांगता येणार नाही. टाकीत उंदीर मरून पडला तरी टीडीएस एकशे चाळीसच राहतो."

हॉलमध्ये शांतता पसरली. त्या संध्याकाळी पोराची सात यंत्रं खपली.

२०२३च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी कोल्हापुरात, पुईखडीला आलं. जिच्या नुसत्या चर्चेत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या ती पाईपलाईन. लोक फटाके उडवत होते, पुढारी अंघोळी करत होते. नाना बर्फाचा डबा आणि बाटल्या घेऊन फिरत होते. कसं आहे पाणी, म्हणून मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं. "अजून मुदत संपायचीय," म्हणाले, आणि बाटली अंधारात ठेवून दिली.

आता घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी छोटी प्रयोगशाळा काढली आहे. काकूंनी त्या बदल्यात मागची खोली घेतली आणि तिथल्या कुठल्याही भांड्याला हात लावायचा नाही अशी अट घातली. सकाळी दहाला दार उघडतं, टोकन मिळतं. एप्रिलात तिथं दोन रांगा असतात, एक बाटल्या घेऊन आलेल्यांची, दुसरी जुन्या पेन्शनरांची. नवी बँक सगळं मोबाईलवर करा म्हणते, म्हणून ते अजून नानांकडंच येतात. मागं एका आजोबांनी घाईत पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, टीडीएस कापू नका. नानांनी मीटर बाजूला ठेवून १५ एच काढला.

तुम्ही कधी जाणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. कोल्ड्रिंकची बाटली नेऊ नका, कागदपत्रं अपूर्ण म्हणून परत पाठवतात. क्षार तपासायचे असतील तर नवी कोरी बाटली घ्या, त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि वर तारीख-वेळ लिहा. जंतू तपासायचे असतील तर बाटली नानांकडूनच न्या, ती मुळीच विसळू नका, कारण तळाशी क्लोरीन मारायचं औषध असतं, आणि काठोकाठही भरू नका. दोन्हींत गल्लत केली तर सही घेऊन परत पाठवतात. आणि दीड ते दोनच्या मध्ये जाऊ नका. नाना घरातच असतात, जेवणही झालेलं असतं, खिडकीतून दिसतातही. पण दारावर पाटी आहे.